पोमोनाच्या आजोबांचे फोटो: गाडी एकच की दोन?

उद्यमनगरची

शेजारचे आजोबा ९२ वर्षांचे आहेत. बावीस वर्षांपूर्वी आम्ही इथं कॅलिफोर्नियात पोमोनात राहायला आलो तेव्हा त्यांच्या गॅरेजातून लेथचा आवाज यायचा. माझ्या बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, त्यामुळे मी कुंपणापाशी जाऊन उभी राहायचे. ओळख झाली ती तिथंच.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. समजतं सगळं, पण बोलायला शब्द सापडत नाहीत. त्यांच्या मुलीनं बुटाच्या खोक्यातले चाळीसेक फोटो स्कॅन करायला माझ्याकडे दिलेत. मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. अल्बम करायचाय आणि प्रत्येक फोटोखाली खरीच माहिती हवी आहे.

अडलंय ते ७ आणि १९ नंबरच्या फोटोंवर. दोन्हींत मडगार्ड नसलेली, बॉनेट काढलेली, उघडी जुनी फोर्ड. सातमध्ये कोरड्या तळ्याची भेगाळलेली जमीन, दारावर पांढऱ्या रंगात मोठा नंबर, स्टीअरिंगवर त्यांचा थोरला भाऊ. एकोणीसमध्ये गाडी घरासमोर, पुढची जाळी वेगळी, आणि शेजारी हातात पाना घेतलेले पोरसवदा आजोबा. मुलगी म्हणते, गाड्या दोन होत्या, एक काकाची, एक बाबांची. मला एकच वाटते. कसं ठरवायचं?

डिअरबॉर्नकर

ताई, जाळीवर जाऊ नका, ती कुणीही बदलायचं. काचेच्या पुढे बघा. दोन्ही फोटोंत तिथं पेट्रोलचं झाकण आहे. १९२८ ते ३१ च्या मॉडेल ए ला टाकी तिथंच, डॅशबोर्डच्या पुढ्यात असायची. १९३२ ला फोर्डनं ती मागे नेली. म्हणजे बॉडी मॉडेल ए ची.

आता दाराखालची चासी. पत्र्यात दाबून काढलेली लांब वळणदार रेघ दिसतेय ना? ती १९३२ ची खूण. मॉडेल ए ची चासी सरळ, वर पत्र्यानं झाकलेली. हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे, बत्तीसच्या फोर्डला 'ड्यूस' म्हणतात. त्याच वर्षी फोर्डची ६५ हॉर्सपॉवरची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आली, तेव्हा ही चासी ते इंजिन पेलायलाच बनलेली. हलकी जुनी बॉडी तिच्यावर बसवायची, हा कॅलिफोर्नियातल्या पोरांचा आवडता मेळ. माझ्याकडे १९३० ची मॉडेल ए आहे, तिला मी कधी हात लावणार नाही, पण हा फोटो बघून मन चाळवलं खरं.

बोअरस्ट्रोक

इंजिनं मात्र दोन आहेत. दोन्ही फ्लॅटहेड व्ही-८ (हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, सपाट असलेली), पण सातमध्ये पाण्याचे पाइप हेडच्या मधोमध निघतात, म्हणजे १९३७ ते ४८ मधलं. एकोणीसमध्ये ते हेडच्या पुढच्या टोकाला आहेत, म्हणजे १९४९ ते ५३ मधलं. हे इंजिन १९४८ मध्ये बाजारात आलं, त्यामुळे हा दुसरा फोटो त्याआधीचा असूच शकत नाही.

आणखी एक. अशा कोरड्या तळ्यांवर वेगाच्या शर्यती भरवणारी एससीटीए ही संघटना १९३७ ची. तिथं धाव मोजली की तारीख आणि वेग कोरलेली धातूची छोटी पट्टी मिळायची, पोरं ती डॅशबोर्डवर लावायची. घरात शोधा. ती कुणी टाकून देत नाही.

साताऱ्याचा

पण ए ची बॉडी बत्तीसच्या चासीवर, अशा गाड्या तिथं गल्लोगल्ली असतील. हीच ती कशावरून? पत्र्यावरची एखादी जखम जुळवा. डाव्या दाराचा खालचा कोपरा १२०० डीपीआयला स्कॅन करून टाकाल का?

उद्यमनगरची

टाकलाय. दाराच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या खाली, चंद्रकोरीसारखा चेप. दोन्ही फोटोंत तोच. तुम्ही सांगितलं नसतं तर माझं तिकडे लक्षच गेलं नसतं.

पट्टीही सापडली. आजोबांच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून दोन रिव्हेट मारून बसवलेली: एल मिराज (हे तिथलंच एक कोरडं तळं), १९४८, ताशी ११८ मैल. तेव्हा ते पंधरा वर्षांचे, म्हणजे धाव भावाचीच. मुलीला विचारलं, काका नंतर कुठे होते? ती म्हणाली, १९५१ ला कोरियाच्या युद्धावर गेले. मग गाडी धाकट्याकडे आली असणार, आणि इंजिन त्यानं बदललं असणार.

'असणार' हा शब्द मला फोटोखाली लिहायचा नव्हता. काल संध्याकाळी दोन्ही मोठ्या प्रिंट घेऊन गेले, त्यांच्या मांडीवरच्या ट्रेवर ठेवल्या आणि विचारलं, एकच ना? त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं एकोणीस नंबरचा फोटो उचलून सातवर ठेवला आणि चेपावर चेप येईपर्यंत सरकवत राहिले.

अल्बमात दोन्ही एकाच पानावर लावतेय.