कूस कोण बदलणार, संस्कार?

चाळीतली_चिऊ
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, की म्हाताऱ्यांसाठीची दिवसाची केंद्रं, घरपोच डबे, ब्युरोकडून पगारावर ठेवलेली काळजीची माणसं म्हणजे ‘आईबाप टाकून देण्याचे हप्ते’. घरात संस्कार असतील तर यातलं काहीच लागत नाही. वाचून झोप उडाली, म्हणून वेगळा धागा.

माझे सासरे पक्षाघाताने चार वर्षं अंथरुणावर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एकदा चुकलंच. माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम झाली, भरायला तीन महिने लागले. त्यात नोकरी सुटली ती माझी, नवऱ्याची नाही. संस्कार घरात सगळ्यांवर झाले होते हो, मीठ-हळद लावून झाले होते. सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी दोन तास जाऊन आले, तेही घड्याळाकडे बघत. तेव्हा मला आठवड्यातली एक दुपार हवी होती. एवढंच मागणं होतं. ती दुपार देणारं वॉर्डात कुणी नव्हतं.

नाना_सातारकर
तो गृहस्थ मीच. तुम्ही केलंत, तुम्हाला नमस्कार. पण आमच्या आजीचं बारा वर्षं घरात सगळ्यांनी केलं. तेव्हा ना ब्युरो होता, ना डायपर. केंद्रात सोडलेला म्हातारा दिवसभर फाटकाकडे बघत बसतो, मी पाहिलंय. आणि सरकारने २००७ चा आईवडील-ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आणला तो मुलांना जबाबदार धरायला, केंद्रं काढायला नव्हे.

खडूस_वकील
नाना, कायदा काढलात म्हणून बोलतो. प्रांताधिकाऱ्याकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करायचा, ९० दिवसांत निकाल अपेक्षित, मिळणार जास्तीत जास्त महिना १० हजार. पैसे देववता येतात, कूस बदलून घेता येत नाही. शिवाय त्याच कायद्याचं कलम १९ वाचा: प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम. म्हणजे नुसत्या मुलांवर भागणार नाही हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

नाना_सातारकर
मग कुठेत ते? दाखवा.

खडूस_वकील
कलमात ‘स्थापन करू शकेल’ असं आहे, ‘करेल’ असं नाही. हा मुद्दा तुमचा. घ्या.

ठाण्याचे_आजोबा
चर्चा माझ्याविषयी चाललीय आणि मला कुणी विचारतच नाहीये! वय ७१. बायको गेल्यापासून रोज विरंगुळा केंद्रात जातो. फाटकाकडे मीही बघतो, चहावाला आला का म्हणून. मुलगा-सून सकाळी आठच्या लोकलने जातात, रात्री साडेआठला येतात. संस्कार भरपूर आहेत, पण ते दोघं दादरला घेऊन जातात. मी भिंतींशी कॅरम खेळू का?
आणि आमचं रेल्वेचं काय? पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली काढली. कोरोना गेला, सवलत येईना.

खिडकीतला_कावळा
अवांतर होतंय काका. ७५ नंतर एसटी फुकट आहे, चार वर्षं दम धरा.

ठाण्याचे_आजोबा
एसटीत चढायला गुडघेही सरकार देणार का?

वैतागलेला_मुलगा
आधाराच्या गप्पा पुरे. रात्री दोनला वडील बाथरूममध्ये पडले. ज्येष्ठांची १४५६७ हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८. सरकारी विम्याचं आयुष्मान कार्ड ७० च्या पुढच्या सगळ्यांना, पण ते दवाखान्यातल्या उपचारांपुरतं. घरी आणलं की तुमचं तुम्ही. शेवटी ब्युरोची बाई ठेवली, महिना २४ हजार. ती दिवसभर मोबाईलवर. चार महिन्यांत तीन बायका बदलल्या. शुद्ध लूट आहे ही.

दुसरी_पाळी
माझी आई ‘ब्युरोची बाई’ आहे. तुमच्या २४ मधले तिच्या हातात १५ पडतात. बारा तासांची ड्युटी, सुट्टी घेतली की खाडा. एका घरात तिला संडास वापरू देत नव्हते. ज्या माणसाचं ती काढत होती त्याच्याच घरात! ती खाली वॉचमनकडे जायची. मोबाईलवर असते कारण माझा भाऊ आठ वर्षांचा आहे, घरी एकटा.

वैतागलेला_मुलगा
प्रत्येकाची काहीतरी कहाणी असते. मी पैसे मोजतोय, उपकार नाही मागत.

दुसरी_पाळी
मोजता ते ब्युरोला. तीन बायका बदलल्यात, एकीचं तरी नाव आठवतंय का?

वैतागलेला_मुलगा
मंदाताई. ती चांगली होती. सोडून गेली. आणि संडास आमच्याकडे सगळे वापरतात, सरसकट बोलू नका.

दुसरी_पाळी
का गेली ते विचारलंत?

चाळीतली_चिऊ
हा धागा माझा होता, आठवण असू द्या. पण दुसरी_पाळी, तू बोल. केरळात २००८ पासून उपशामक काळजीचं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं, सरकारी धोरण आहे, पंचायतीच्या नर्स घरोघर जातात, गावातले स्वयंसेवक मदतीला. तिथे घरच्यांना शिकवतात आणि नर्सला पगार पंचायत देते.

नाना_सातारकर
केरळ केरळ पुरे. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० मिळवायला वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तलाठ्याकडे शेजारच्या आजीबरोबर तीन खेपा मी घातल्यात.

खडूस_वकील
म्हणजे म्हाताऱ्यांना आधार द्यायची सेवा तुम्हीच चालवताय की नाना. फुकटात.

नाना_सातारकर
टोमणा पोचला. बरं, आणखी एक, मग हसा. मघाशी लिहिलं ना, आजीचं सगळ्यांनी केलं. आत्ता आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘सगळे म्हणजे कोण रे?’
केंद्राबद्दलचं मत बदललेलं नाही.

चाळीतली_चिऊ
आईंना माझा नमस्कार सांगा.

वैतागलेला_मुलगा
एअर बेड भाड्याने कुठे मिळतो, चिंचवडच्या बाजूला? वडिलांची पाठ लाल दिसतेय.

चाळीतली_चिऊ
लाल आहे तोवरच डॉक्टरांना दाखवा, आजच. बेड माझ्याकडे पडून आहे, न्या. मोटर चालते, एक नळी बदलावी लागेल.