विषय: कोटाच्या रंगावरून इंग्रज ओळखणे

वरच्या पोस्टमध्ये एका जुन्या फ्रेंच व्यंगचित्रातला माणूस नुसत्या लाल कोटावरून इंग्रज ठरवलाय. १८१४-१५ च्या पॅरिसमधल्या व्यंगचित्रांत रंगावर एवढं विसंबू नका. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने कोरलेल्या रेघाच तेवढ्या छापल्या जात, रंग नंतर एकेका प्रतीवर हाताने भरत. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचा रंग वेगळा निघू शकतो.

खूण रेघांत शोधा, आणि आधी बायकांकडे बघा. फ्रेंच बाईच्या झग्याची कंबर थेट छातीखाली, डोक्यावर उंचच उंच टोपी. इंग्रज बाईची कंबर खाली, टोपी लहान, चपटी. नेपोलियनची सत्ता गेल्यावर पॅरिसला इंग्रज प्रवाशांची रीघ लागली, तेव्हा पॅरिसकरांच्या डोळ्यांत हाच फरक भरला आणि चित्रकारांनी तोच ताणला.

खालची कडा कापलेली प्रत मात्र टाळा; मथळा आणि प्रकाशकाचा पत्ता बहुधा तिथेच असतो.