जुन्या खिडक्यांच्या सागवानातून पोळपाट, उलथणी करायचीत, कितपत जमेल?

नवशिका_सातारा

नमस्कार मंडळी. गावचं घर या उन्हाळ्यात उतरवलं. काका सगळं लाकूड जळणाला द्यायला निघाले होते, मी कसंबसं दोन खिडक्यांच्या चौकटी, चार झडपा आणि माजघराचा उंबरा वाचवून टेम्पोत घालून पुण्याला आणला. बायको म्हणते ही बाल्कनी आहे की वखार. लाकूड सागवानच आहे, रंधा मारला की तो वास येतो आणि आतून मस्त सोनेरी तपकिरी निघतं. तर डोक्यात असं आहे की भाऊबीजेला दोन्ही बहिणींना, शिवाय आत्याला आणि काकूला याच लाकडातलं काहीतरी स्वतःच्या हाताने करून द्यायचं, पोळपाट, उलथणं, भाजी चिरायचा बोर्ड वगैरे. माझ्याकडे हातकरवत, आजोबांचा रंधा, ड्रिल आणि नवा जिगसॉ आहे, अनुभव विचाराल तर एक स्टूल, तेही डुगडुगतं. 

झडपांवर हिरव्या ऑइल पेंटचे चार-पाच थर आहेत, ते घासून काढलं तर चालेल का? चौकट जेमतेम 4 इंच रुंद आहे, त्यात पोळपाट कसा बसवायचा? आणि वरून पॉलिश कसलं मारायचं, टचवुड चालेल का?

रंधा_पटाशी

आधी त्या हिरव्या रंगाचं बोलू. पॉलिश पेपर घेऊन बसू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमच्या झडपांचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. घासलं की त्याची धूळ होते आणि ती घरभर बसते, लहान पोरं असतील तर अजिबातच नको. हीट गनने जाळूही नका, धूर त्याहून वाईट. मी तर म्हणतो झडपांच्या फोटोफ्रेम करा, नाहीतर रंगासकट भिंतीवर टांगा, किचनसाठी फक्त बिनरंगाची चौकट वापरा.

चौकटीतही बघा, भिंतीत गाडलेल्या टोकांना वाळवी लागू नये म्हणून डांबर फासायचे, ती टोकं चांगली वीतभर कापून टाका. आणि करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा, स्पीकरमधला जुना असेल तो चालतो. जुन्या चौकटीत खिळे मोडून आत राहिलेले असतात, बाहेरून नुसता काळा ठिपका दिसतो.

पोळपाट पहिल्या फटक्यात करू नका असं माझं स्पष्ट मत. 4 इंची तीन पट्ट्या जोडल्या तर 10 इंचाचा गोल निघतो, पण सांधा तंतोतंत बसायला हवा, सागात तेल असतं म्हणून डिंक लावायच्या आधी कडा ॲसिटोनने पुसायला लागतात, साधा पांढरा डिंक पाण्याने सुटतो म्हणून वॉटरप्रूफ लागतो, आणि खाली आडवी पट्टी घट्ट स्क्रूने आवळली की पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि तडकतं. पाय मात्र तीनच ठेवा, चार केले की तुमच्या स्टुलासारखं होईल 😄

उलथण्यापासून सुरुवात करा. एकच गोष्ट लक्षात ठेवा, लाकडातल्या रेषा दांड्याच्या लांबीत धावल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर पिठलं ढवळतानाच कटकन मोडेल. घासायला 80, 120, 180, 220 या क्रमाने पेपर, मग ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाची बारीक लव उभी राहते, परत 220 फिरवा. मास्क लावा, सागाच्या भुशाने बऱ्याच जणांच्या अंगाला खाज सुटते.

पॅलेटवाला_चाकण

सागवान नसेल त्यांच्यासाठी लिहितो, आमच्याकडे कंपन्यांचे पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे लाकडी फळ्यांचे चौथरे, ढिगाने पडतात. एक्स्पोर्टच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, त्यात एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते किचनला घ्यायचं नाही. एचटी असलं तरी त्यावर आधी कसलं केमिकल सांडलंय ते कोण सांगणार, तेलकट डाग दिसला की मी सोडून देतो. आणि पाइन मऊ असतं, चिरायच्या बोर्डाला सुरीचे खड्डे पडतात, त्याचे मी ट्रे नाहीतर गरम भांड्याखालच्या जाळ्या करतो. रेल्वेचे जुने स्लीपर कोणी फुकट दिले तरी नको, क्रिओसोट म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं.

पॉलिशचं म्हणाल तर टचवुड वगैरे विसरा, सुरी लागली की पापुद्रे निघतात. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा, आयपी (औषधी दर्जाची खूण) लिहिलेलं, पोट साफ व्हायला देतात तेच. मी एकदम चार बाटल्या मागितल्या तेव्हा दुकानदार माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ते काही विचारू नका. चार भाग ते आणि एक भाग मधमाशीचं मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा आणि फडक्याने चोळा.

माहेर_चिपळूण

जवसाचं कच्चं तेलही चालतं, वाळायला बरेच दिवस घेतं एवढंच. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' नको, त्यात लवकर वाळायला धातूची मिश्रणं घातलेली असतात. आणि जवसाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतं, दोरीवर पसरून वाळवा. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं लावलंत तर महिन्याभरात खवट वास.

आता वापरणारीच्या बाजूने सांगते. पोळपाट हलका केलात तर पोळी लाटताना ओट्यावर सरकतो, बहीण तोंडावर छान म्हणेल आणि माळ्यावर टाकेल. उलथण्याचं टोक चपटं आणि थोडं तिरकं हवं, कढईच्या कडेला बसलं पाहिजे, ऑनलाइन मिळणारी सगळी चमच्यासारखी गोल असतात, त्याने घावन उलटून दाखवा. डावखुरी असेल तर तिरपं दुसऱ्या बाजूला! आणि भेटीसोबत चिठ्ठी द्या की भिजत घालू नये, धुऊन उभं ठेवावं.

उंबऱ्याचं मात्र मनाला पटत नाही हो. शंभर वर्षं लोकांनी पाय दिलेल्या लाकडावर पोळ्या लाटायच्या?

नवशिका_सातारा

ताई, उंबऱ्याबद्दल आईही अगदी हेच बोलली, शिवाय तो जमिनीलगतचा, वाळवीचं काय काय औषध ओतलं असेल कोण जाणे, म्हणून त्याच्या किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या करतोय, मधला झिजलेला खळगा तसाच ठेवून. पोळपाट यंदा रद्द. पाच उलथणी झाली, त्यातली तीन देण्यासारखी आहेत, मोठी बहीण डावखुरीच आहे त्यामुळे तिचं परत कापावं लागलं.

@रंधा_पटाशी चुंबक फिरवला होता, सहा खिळे काढले. सातवा रंध्याने शोधला. आजोबांच्या पात्याला चांगली ज्वारीएवढी खाच पडलीय, धार लावायला पुण्यात कुठे द्यायचं?