मदत हवी आहे: घरासाठी ९ एमएमच्या गोळ्या कोणत्या घ्याव्यात आणि ठेवायच्या कुठे? (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

बंदूक घरात असावी की नसावी, हा वाद कृपया इथे नको. तो आमच्या घरी चार महिने झाला आणि बायको त्यात अजून हरलेली नाही.

डॅलसच्या उत्तरेला राहतो. ग्रीन कार्ड येईपर्यंत हा विषयच नव्हता. एच-१बीवर असताना शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूकच काय, एक गोळीही बाळगता येत नाही, आणि हा कायदा फेडरल आहे. (नव्याने आलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. मित्राच्या बंदुकीबरोबर फोटो काढणारे बरेच पाहिलेत.) गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत, माणसं घरात झोपलेली असताना कुणीतरी मागचं दार फोडलं. त्यानंतर क्लास केला, ग्लॉक १९ हे पिस्तूल घेतलं, महिन्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जातो. नेम बरा आहे. गोळ्यांच्या बाबतीत मात्र ठार अडाणी.

रेंजवर ११५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाच्या साध्या, तांब्याचं कवच असलेल्या एफएमजे गोळ्या वापरतो, पन्नासाचं खोकं. दुकानदार म्हणतो, घरी होलो पॉइंटच (तोंडाशी पोकळ असलेली गोळी) ठेव. ऑफिसातला एकजण म्हणतो, सगळा जाहिरातीचा खेळ आहे, गोळी ती गोळी. होलो पॉइंटचं वीसाचं खोकं महाग पडतं म्हणून नीट विचारून घेतोय.

खरी काळजी भिंतीची. आमच्या बेडरूमच्या दारातून सरळ पॅसेज जातो आणि पॅसेज जिथे संपतो त्या भिंतीपलीकडे मुलगी झोपते, वय ७. आई-बाबा मे ते ऑक्टोबर इथे असतात, ते त्याच्या शेजारच्या खोलीत. आईला कालनिर्णय लावून द्यायला गेलो तर खिळा ठोकावाच लागला नाही, अंगठ्यानं दाबला तसा आत गेला आणि पांढरी भुकटी हातावर. त्या रात्री झोप लागली नाही. भिंतीत अडकेल अशी एखादी गोळी मिळते का?

साठवणीबद्दलही सांगा. खोकी सध्या गराजमध्ये, वॉटर हीटरशेजारच्या फळीवर आहेत. त्यातली तीन परत भारतात गेलेल्या एका मित्राकडून मिळालेली, काही काडतुसांवर हिरवट डाग आहेत. आणि मुलगी घरात म्हणून मी रोज रात्री पिस्तूल भरतो, सकाळी रिकामं करतो. हे बरोबर आहे ना?

प्रतिसाद, ह्यूस्टनहून:

होलो पॉइंट घ्या, ऑफिसवाल्याचं ऐकू नका. एफएमजे अंगात शिरून बहुतेक वेळा पलीकडून बाहेर पडते, आणि मागे कोण उभं आहे ते ती पाहत नाही. होलो पॉइंटचं तोंड आत गेल्यावर उमलतं, त्यामुळे वेग मरतो आणि ती सहसा आतच राहते. पण फार लवकर थांबणारीही कामाची नाही. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या चकमकीत ९ एमएमची एक होलो पॉइंट गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला, दोन एजंट गेले. तेव्हापासून त्यांची कसोटी ठरली: अंगाऐवजी वापरायच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच जावी आणि शक्यतो १८ इंचांच्या आत. पुढे काही वर्षं एफबीआय .४० कॅलिबरकडे गेली आणि गोळ्या सुधारल्यावर पुन्हा ९ एमएमवर आली.

होलो पॉइंटमध्ये स्पीअर गोल्ड डॉट किंवा फेडरल एचएसटी या बनावटीच्या घ्या, १२४ किंवा १४७ ग्रेन, जे मिळेल ते. +पी लिहिलेल्या जास्त दाबाच्या गोळ्यांच्या मागे लागू नका, धक्का वाढतो आणि दुसरी गोळी नेमावर यायला उशीर होतो. आणि घ्याल त्यातली दोन-तीन खोकी स्वतःच्या पिस्तुलातून झाडून बघा. खिशाला चाट बसते, पण अडकणारी गोळी रेंजवर कळलेली बरी.

प्रतिसाद, ऑस्टिनहून:

भिंतीचं उत्तर कडू आहे. माणसाला थांबवेल अशी कुठलीही पिस्तुलाची गोळी ड्रायवॉलमध्ये थांबत नाही. जिप्समचे अर्ध्या इंचाचे दोन तक्ते आणि मध्ये पोकळी, एवढीच तुमची भिंत. उलट होलो पॉइंटच्या तोंडात तोच जिप्सम भरला की ती उमलतच नाही, साध्या गोळीसारखी पुढच्या भिंतीतही जाते. भुगा होणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्यांच्या भरवशावर मी लेकीला झोपवणार नाही.

म्हणून गोळी नाही, दिशा बदला. रात्री रिकाम्या हातानं बेडरूमच्या दारात उभे राहा आणि बोटानं दाखवा, कुठून माणूस येईल आणि त्याच्या मागे काय आहे. आमच्याकडे हे केलं तेव्हा कळलं की पलंगाच्या उजव्या कोपऱ्यातून पाहिलं तर मागे बाहेरची विटांची भिंत येते. मुलांची खोलीच बदलता आली तर सगळ्यात उत्तम. नाहीतर आवाज आला की सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, दार लावून ९११, आणि पॅसेजमध्ये शिकार करायला जायचं नाही.

प्रतिसाद, सॅन अँटोनिओहून:

रोज भरणं-काढणं आजच्या आज थांबवा! वरची तीच गोळी रोज चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) आपटते आणि काडतुसाच्या तोंडाचं शिसं हळूहळू पितळी टरफलात मागे सरकतं. पाव मिलिमीटर सरकल्याचं डोळ्याला दिसत नाही. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, फार सरकली तर पिस्तूल फुटू शकतं. ती गोळी नव्या गोळीशेजारी उभी करून बघा. बुटकी दिसली तर झाडू नका.

त्याऐवजी भरलेलं पिस्तूल बोटांनी आकडे दाबून उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत ठेवा, तिजोरी पलंगाजवळ बोल्टनं आवळलेली. टेक्सासात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांखाली लपवणं म्हणजे ठेवणं नव्हे, मुलांना दिवाळीचा फराळही तिथूनच सापडतो.

बाकी खोकी गराजमधून घरात आणा. उन्हाळ्यात गोळ्यांचा स्फोट होत नाही, पण रोजचं तापणं-निवणं आणि दमट हवा वर्षानुवर्षांनी काडतुसातल्या दारूला आणि प्रायमरला (बुडाशी असलेल्या ठिणगीच्या टिकलीला) मारते. रबरी कडेचा लोखंडी डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, गोळ्या मूळ खोक्यातच, डब्याला कुलूप. हिरवट डाग कोरड्या फडक्यानं पुसून गेला आणि खाली पितळ गुळगुळीत असेल तर रेंजवर वापरा. खड्डा पडला असेल तर नाही. डब्ल्यूडी-४० (गंज काढायचा तेलाचा फवारा) चुकूनही लावू नका, तेल प्रायमरमध्ये शिरलं तर गोळी मरू शकते. खराब गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, बऱ्याच रेंजवर त्यांची वेगळी बादली असते.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून:

अवांतर, पण लिहितोच. रेंजची बॅग आणि भारतात न्यायची बॅग एकच नाही ना? दिल्ली-मुंबईच्या विमानतळावर सामानात विसरलेली एक गोळी सापडली तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदतात. त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागसुद्धा येतात. जाणीवपूर्वक बाळगली नव्हती म्हणून हायकोर्टात अशी प्रकरणं रद्द झालीत, पण तोवर विमान चुकतं, वकील लागतो, तारखा पडतात.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. वरची गोळी नवीच्या शेजारी ठेवली, बुटकी आहे, ऑस्टिनकरांच्या पद्धतीनं बोटही दाखवून झालं. मुलगी या शनिवारपासून आजीच्या खोलीत, तिला आनंदच झालाय. तिजोरी मागवली.

न्यू जर्सीवाले, तुमचा प्रतिसाद वाचून बॅग जमिनीवर उलटी केली. बाजूच्या कप्प्यात, बडीशेपेच्या पुडीबरोबर, एक रिकामं टरफल आणि एक न झाडलेली गोळी. ऑक्टोबरात हीच बॅग बाबा खांद्याला लावून मुंबईला नेणार होते.