२०२४ मधले तुमचे लाडके पॉप अल्बम कोणते? (अख्खे ऐकलेले!)

दुसरी_बाजू | २८ डिसेंबर २०२४

गेल्या डिसेंबरात गाणी ऐकायच्या अ‍ॅपने वर्षाचा हिशेब दाखवला, तेव्हा माझं सगळ्यात जास्त ऐकलेलं 'गाणं' निघालं पावसाचा आवाज. झोप लागावी म्हणून रात्री लावायचे तो. दुसऱ्या नंबरावर तोच पाऊस, विजांसकट. कॅसेटच्या काळापासून स्वतःला पॉपवेडी म्हणवणारी मी, आणि वर्षभराची कमाई काय, तर पाऊस. लाज वाटली.

म्हणून यंदा नियम केला. अल्बम ऐकायचा तर पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने, शफल बंद, एका बैठकीत. अशा तीन फेऱ्या झाल्याशिवाय मत द्यायचं नाही. मध्येच एखादं गाणं उडवलं तर ती फेरी बाद. सगळ्याची वहीत नोंद. ४१ अल्बम सुरू केले, तीन फेऱ्या पूर्ण झाल्या १७ जणांच्या. उरलेल्या २४ पैकी काही माझ्या आळसापायी गेले, बरेचसे आपापल्या कर्माने.

पहिला नंबर बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'चा. १७ मेला आला. दहाच गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ खलास. त्यातलं एकही गाणं आधी सिंगल म्हणून सोडलेलं नव्हतं, त्यामुळे सगळंच कोरं मिळालं. 'लामूर द मा व्ही' चालू होतं, संथ, जुन्या रेस्तराँमध्ये वाजावं तसं. मधेच ते संपतं आणि एकदम धावता सिंथ (सिंथेसायझर) सुरू होतो. मला वाटलं पुढचं गाणं लागलं. मोबाइल बघितला तर तेच. मग शेवटच्या 'ब्लू'मध्ये आधीच्या गाण्यांचे तुकडे परत येतात, पहिल्या 'स्किनी'तल्या व्हायोलिनसकट. ही गंमत शफलवर कळणार नाही, कारण पहिलं गाणं ऐकलंच नसेल तर ते परत आल्याचं कळणार कसं?

दुसरा चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट'. वहीतली नोंद जशीच्या तशी देते: "८ जून. गोंगाट. सहाव्या गाण्यावर बंद." सहावं म्हणजे 'व्हॉन डच'. चार्ली एक्ससीएक्स आणि माझं काही जमत नाही असं ठरवून टाकलं होतं. पुढे दोन आठवड्यांत त्यातल्याच 'गर्ल, सो कन्फ्यूझिंग' या गाण्याचं नवं रूप आलं. मूळ गाण्यात चार्ली नाव न घेता एका गायिकेबद्दल बोलते: आपण मैत्रिणी आहोत की नाही तेच कळत नाही, लोक तुला-मला एकच समजतात वगैरे. २१ जूनला ती गायिका, म्हणजे लॉर्ड, स्वतःच गाण्यात हजर झाली आणि तिने आपली बाजू सांगितली. कुणाबद्दल मनात धरून ठेवलेलं त्या माणसाने ऐकावं आणि त्याच चालीवर उत्तर द्यावं! मी दुसऱ्याच दिवशी अख्खा अल्बम परत लावला.

आणि मग क्रम दिसला. नववं 'सो आय' हे सोफी या संगीत-निर्मातीच्या आठवणीतलं आहे, ती जानेवारी २०२१ मध्ये गेली. चौदावं, 'आय थिंक अबाउट इट ऑल द टाइम', मूल होऊ द्यावं की नाही याबद्दल. एक मैत्रीण आई झालेली बघून आलेली बाई स्वतःशी बोलत बसलीय. उत्तर काहीच मिळत नाही. आणि लगेच पंधरावं '३६५', म्हणजे पहिल्याच '३६०'ची चाल परत, पण दारू चढल्यासारखी, दुप्पट जोरात. प्रश्न तसाच टाकून बाई पुन्हा नाचायला गेली. चौदावं सुटं ऐका, एक हळवं गाणं आहे. पंधरावं सुटं ऐका, क्लबातलं गाणं आहे. लागोपाठ ऐकल्यावर मला गप्प बसायला झालं. वही तशीच उघडी राहिली त्या दिवशी.

तिसरा, मॅग्डलीना बे या दोघांच्या जोडीचा 'इमॅजिनल डिस्क'. अळीच्या अंगात पेशींच्या बारीक चकत्या असतात, त्यांच्यापासून पुढे पंख, पाय, डोळे घडतात. त्या चकत्यांचं हे नाव. इथे कपाळातून तबकडी घालून माणूस 'सुधारायचा' प्रयत्न आहे आणि नायिकेचं शरीर ती तबकडी नाकारतं. कथा कळली नाही तरी बिघडत नाही, मला पहिल्या दोन फेऱ्यांत अजिबात कळली नव्हती. गाणी एकमेकांत अशी मुरलेली आहेत की थांबायला जागा नाही.

क्लेरोचा 'चार्म' चौथा. छान, मऊ, रविवारचा. जास्त लिहिण्यासारखं काही नाही, पण फेऱ्या मात्र तीन नाही, अकरा झाल्या.

नाराजी: दुआ लिपाकडून फार अपेक्षा होत्या. आणि टेलर स्विफ्टचा अल्बम... १९ एप्रिलला १६ गाणी, दोन तासांनी आणखी १५. एकूण ३१! दोन तासांची बैठक मी फक्त परीक्षेला मारलीय.

तुमचे सांगा. पण अख्खे ऐकलेलेच.

कानसेन | २८ डिसेंबर २०२४

वही वगैरे वाचून मजा आली, पण मूळ गृहीतकच पटलं नाही. पॉप म्हणजे सुटं गाणं. १९४९ साली मिनिटाला ४५ वेळा फिरणारी सात इंची तबकडी आली, एका बाजूला एक गाणं, तिथून या संगीताचा धंदा उभा राहिला. अल्बम म्हणजे पुष्कळ वर्षं दोन हिट आणि बाकी भरताड. 'अल्बम ही कलाकृती आहे' हे फॅड साठच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. सब्रिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो' हे गाणं तीन मिनिटांत जे करतं ते करायला तुमच्या बिलीबाईंना पाऊण तास लागतो. हलके घ्या.

माझा वर्षाचा अल्बमही तिचाच, 'शॉर्ट एन स्वीट'. १२ गाणी, ३६ मिनिटं. नावाला जागलेला.

दुसरी_बाजू | २८ डिसेंबर २०२४

@कानसेन, म्हणजे तुम्ही अख्खा ऐकलात तर!

कानसेन | २८ डिसेंबर २०२४

पकडलंत. चारदा. पण क्रमाने नाही.

मध्यलय | २९ डिसेंबर २०२४

'शॉर्ट एन स्वीट'ला +१. लोक तिला विनोदी बोलांची बाई समजून सोडून देतात, पण त्यातलं 'प्लीज प्लीज प्लीज' पेटी घेऊन वाजवून बघा. पहिलं कडवं, ध्रुवपद सरळ. दुसऱ्या कडव्याला अख्खा षड्जच (गाण्याचा मूळ सा) सरकतो, ध्रुवपदाला परत जागेवर. शेवटच्या ध्रुवपदाला सूर चढवून टाळ्या घेण्याची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे. पण कडव्यात, कुणाचं लक्ष नसताना? ऐकणाऱ्याला एवढंच जाणवतं की पायाखालचं काहीतरी हललं. आणि गाणं आहेच बेभरवशाच्या माणसाबद्दल.

'चार्म'ला ताईंनी दोन ओळींत गुंडाळलं त्याचा निषेध. तो संगीत-निर्माता लिऑन मायकल्सबरोबर केलेला अल्बम आहे, खोलीत वादक एकत्र बसून, टेपवर ध्वनिमुद्रण. म्हणून ड्रम असे कापडात गुंडाळल्यासारखे ऐकू येतात. त्यातल्या 'जूना'मध्ये शेवटाकडे ट्रम्पेट वाजतं ना? ते ट्रम्पेट नाही, क्लेरो नुसत्या तोंडाने तसा आवाज काढतेय. मी तीन महिने ट्रम्पेटच समजत होतो आणि धंदा काय तर वाद्यवृंदात वाजवणं.

निशाचर | २९ डिसेंबर २०२४

यादीत 'काउबॉय कार्टर' नाही? बियॉन्से नाही? धागा सांभाळून ठेवावा असा आहे, पण पुराव्यासाठी.

तुमच्याच नियमाने सांगते. तो अल्बम एका रेडिओ स्टेशनासारखा बांधलाय, मध्ये मध्ये कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) गाणारा विली नेल्सन निवेदक बनून येतो. लिंडा मार्टेल येते. ही १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या नामांकित कार्यक्रमाच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७० मध्ये तिचा एकच अल्बम आला आणि मग ती जवळजवळ विसरलीच गेली. तिला तुकड्यातुकड्यांनी बोलतं करून बियॉन्से विचारते की कंट्री म्हणजे नक्की काय आणि ते कोणी ठरवायचं. त्यातल्या 'टेक्सस होल्डेम'च्या सुरुवातीला बँजो आहे तो रियानन गिडन्स या वादक-गायिकेचा. बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी घडवलेलं वाद्य, आणि गिडन्सने कित्येक वर्षं हेच लोकांना सांगण्यात घालवलीत. हे सगळं तुम्हाला सुट्या गाण्यात कसं दिसणार?

मला वाटतं तुम्ही २७ गाणी हा आकडा बघून पळालात.

दुसरी_बाजू | २९ डिसेंबर २०२४

@निशाचर, खोटं कशाला बोलू. पळाले नाही, पण दोनच फेऱ्या झाल्यात. ७८ मिनिटांचा आहे तो. वहीत लिहिलंय: "एप्रिल. फेरी ३, १९व्या गाण्याला फोन आला. बाद." मग परत बसणं झालंच नाही. नियम माझाच, अडकले मीच.

@मध्यलय, ट्रम्पेटचं मला आत्ता कळतंय! अकरा फेऱ्या झाल्यात हो. वहीतला आकडा खोडून बारावी करते.

लेकीचा_बाप | ३० डिसेंबर २०२४

ताई, मी इथे क्वचित लिहितो, पण टेलर स्विफ्टबद्दल लिहिणं भाग आहे, नाहीतर घरात प्रवेश नाही. लेक पंधरा वर्षांची आहे. ३१च्या ३१ गाणी पाठ. तुम्ही म्हणता दोन तास बसवत नाही, ती म्हणते दोनच तास?

तिचा युक्तिवाद असा (मी फक्त टंकलेखक): हा एक अल्बम धरूच नका, दोन धरा. पहिला 'क्लारा बो' या सोळाव्या गाण्याला संपतो. ही १९२० च्या दशकातली मूकपटांची नटी. जुन्या नटीशी तुलना करून नवी मुलगी वर चढवायची, उद्या हिचीही जागा दुसरीला द्यायची, असं ते गाणं, आणि शेवटी टेलर त्या रांगेत स्वतःचंच नाव घेते. अल्बम तिथे पूर्ण होतो. पुढची १५ वेगळी, बहुतेक संगीतकार आरन डेस्नरबरोबरची, पियानो-गिटारची, रात्री ऐकायची. मी लेकीचं ऐकून दोन वेगळ्या दिवशी ऐकून पाहिलं. पहिला अजूनही लांबच वाटला, पण दुसरा भाग खरंच चांगला आहे. हे तिला सांगितलेलं नाही, नाहीतर आणखी ३१ ऐकायला लावेल.

अवांतर: गायिका चॅपेल रोनचा अल्बम चालेल का? लेकीच्या आधी मला आवडलेली ही एकमेव गोष्ट आहे, त्यामुळे माझ्या दृष्टीने ऐतिहासिक.

निशाचर | ३० डिसेंबर २०२४

चॅपेल रोनचा अल्बम सप्टेंबर २०२३चा आहे. नियमात बसत नाही.

लेकीचा_बाप | ३० डिसेंबर २०२४

हो, पण २०२३ मध्ये तो ऐकला कोणी? त्यातलं 'पिंक पोनी क्लब' तर २०२० मधलं. त्याच वर्षी रेकॉर्ड कंपनीने तिला काढून टाकलं. ही पोरगी तीच गाणी घेऊन थांबली आणि यंदा लोक आले. यंदाच्या एप्रिलमधलं 'गुड लक, बेब!' त्या अल्बमवर नाहीच, पण त्याच्यामुळेच मागे जाऊन सगळ्यांनी अल्बम ऐकला. वर्ष कुठलं धरायचं, गाणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं?

दुसरी_बाजू | ३० डिसेंबर २०२४

ऐकणाऱ्याचं. हा माझा धागा आहे, चॅपेल रोन आत. @निशाचर, तुमचा निषेध नोंदवला. लेकीला सांगा, दुसऱ्या भागाची पहिली फेरी आज रात्री.

कानसेन | ३० डिसेंबर २०२४

नियम कसे पातळ होत चाललेत बघा. उद्या पाऊसही यादीत येईल.

दुसरी_बाजू | ३ फेब्रुवारी २०२५

धागा वर आणतेय. ग्रॅमीचा निकाल बघितलात ना? 'काउबॉय कार्टर'ला वर्षाचा अल्बम. या सन्मानासाठी बियॉन्सेचं स्वतःच्या अल्बमसाठीचं हे पाचवं नामांकन होतं, मिळाला पहिल्यांदाच. @निशाचर यांचा प्रतिसाद यायच्या आत सांगते: तिसरी फेरी शनिवारीच झाली होती, निकालाच्या आधी. वहीत तारीख आहे.

फोन बंद करून बसले. 'ब्लॅकबर्ड' आलं. मूळ गाणं बीटल्सचं, १९६८ चं, आणि पॉल मॅकार्टनीचं तेव्हाचं गिटार आणि पायाचा ठेकाच यात वापरलाय, त्यावर बियॉन्सेसोबत कंट्री गाणाऱ्या चार कृष्णवर्णीय मुलींचे आवाज. एप्रिलमध्ये हे मी मान डोलावून पुढे गेले होते. १९वं गाणं आलं तेव्हा उगाच दाराकडे बघितलं. मधली चार-पाच गाणी अजूनही कमी करता आली असती, या मतावर मी ठाम आहे. पण शेवटचं 'आमेन' लागलं आणि त्यात पहिल्या गाण्याची चाल परत आली. दोन फेऱ्यांत ही मला कळलीच नव्हती, कारण पहिल्या फेरीत शेवटापर्यंत डुलकी लागली होती आणि दुसरीत आवाज बारीक करून भांडी घासत होते. (हो, ती फेरीही खरं तर बादच धरायला हवी. कानसेन, गप्प बसा.)

'आमेन' संपून थेट पहिलं गाणं लागावं अशी त्याची जोडणी आहे. अ‍ॅप फिरून पहिल्यावर गेलं आणि मी बंद केलं नाही. सहाव्या गाण्यापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की जेवायचं राहिलंय. ही चौथी फेरी अर्धवट राहिली, तेव्हा बाद.