मदत हवी आहे (धागा २०२५ चा): विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, डीटीपीच्या जुन्या मशीनचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, जरा तातडीने सल्ला हवाय. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं डीटीपी आणि छोट्या ऑफसेटचं काम आहे, सासऱ्यांनी छपाईचे खिळे जुळवण्यापासून सुरू केलेलं, आता कॉम्प्युटरची बाजू सगळी मी बघते. सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांच्या वार्षिक सभांचे अहवाल असतात आणि ते संपतायत तोवर दिवाळी अंक उरावर येतात. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होतोय आणि वसुबारस आहे १७ ला, म्हणजे नेमके अंक बाइंडिंगला असतील तेव्हाच. सीझनमध्ये मशीन उघडून बसायची माझी तयारी नाही, पण काहीच न करता बसणंही बरोबर वाटत नाही, कारण आमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात आणि ईमेलने मॅटर येतं ते वेगळंच.

तीन मशीन आहेत. पहिलं सगळ्यात जुनं, तिसऱ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, त्यावर विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती, कारण मराठी टंकांचं (फॉन्टचं) आमचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (परवान्याची चावी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) त्याच्यावरच चालतं. डोंगल मागे पॅरलल पोर्टला लावलेलं आहे. पेजमेकर ७, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, तेही यावरच. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती २००१ सालची, पण सासऱ्यांच्या काळापासूनची सगळी कामं त्यातच आहेत, दरवर्षी तीच पावती पुस्तकं, तेच मंडळांचे अहवाल, नावं आणि आकडे बदलायचे आणि ट्रेसिंगवर प्रिंट काढून प्लेटला द्यायचं. हे मशीन बंद पडलं तर अर्धं काम थांबेल.

दुसरं सातव्या पिढीचं आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, त्यावर कोरल ड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर). चांगलं पळतं, काही तक्रार नाही, पण विंडोज ११ साठी आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो म्हणतात. हे मनाला खरंच लागतं हो, चालत्या मशीनला केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद ठरवायचं.

तिसरं दहाव्या पिढीचं आय थ्री आहे, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघितलं तर तेही चालणार नाही असंच दाखवतंय, टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) सापडत नाही आणि सिक्युअर बूट (मशीन सुरक्षितपणे सुरू व्हायची सोय) नाही अशी दोन कारणं. नवीन मशीन आहे तरी असं का?

बाजारातला एक जण म्हणतो की तिन्हीवर ११ टाकून देतो, यादीबिदी काही बघायची गरज नाही, एका दिवसात काम. मन मानत नाही. शिवाय माझी खरी काळजी विंडोजची नाहीचये, त्या जुन्या फायलींची आहे. दुसऱ्या मशीनवर त्या उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. कोणी डीटीपीवाल्यांनी हे पार पाडलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा. लिनक्सवर जा असं सांगणार असाल तर कोरलचं काय करायचं तेही सांगा.

प्रतिसाद:

ताई, तिसऱ्या मशीनची काळजी सोडा, ते होणार. असेंबल केलेल्या मशीनला बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम बऱ्याचदा बंदच असतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीला एफटीपीएम. ते चालू करा. सिक्युअर बूट नाही म्हणतंय म्हणजे बहुतेक विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलंय आणि हार्ड डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. ती नव्या जीपीटी पद्धतीची करायला विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा उडत नाही, पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. आणि क्रम पाळा, आधी डिस्क जीपीटी करायची, मग बायोसमध्ये लेगसीचं यूईएफआय (सुरू व्हायची नवी पद्धत) करायचं. उलटं केलं की मशीन सुरूच होणार नाही आणि तुम्ही घाबराल. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते टूल नकार देतं, ते आधी बघून घ्या. बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, टीपीएमची सेटिंग बदलली की ती मागतं.

दुसऱ्या मशीनला ११ टाकू नका. यादीबाहेरच्या मशीनवर जबरदस्तीने टाकता येतं हे खरं, पण तिथे अपडेट मिळत राहतील अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग ज्यासाठी सगळं करायचं तेच राहिलं ना. त्याऐवजी ईएसयूला, म्हणजे विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेला, नाव नोंदवा. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. ३० डॉलर भरून किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरून, किंवा विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सिंक केल्या तर फुकट. अकाउंटने लॉगिन मात्र लागतंच, आणि विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असायला हवी. एका अकाउंटवर १० मशीनपर्यंत चालतं. म्हणजे दिवाळी निवांत काढा, नवीन मशीनचं पुढच्या वर्षी बघा.

ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्यांचाही सपोर्ट त्याच दिवशी संपतोय, हे बरेच जण विसरतात.

धागाकर्ती:

दादा खूप आभार, पीटीटी खरंच बंद होतं, चालू केल्यावर टीपीएमची तक्रार गेली. डिस्क एमबीआरच निघाली, ते बॅकअप घेऊन करते. आता पहिल्या मशीनबद्दल सांगा ना. त्यालाही ईएसयू करून ठेवू का?

प्रतिसाद:

नोंदवता आलं तर नोंदवा, पण त्याचं इंटरनेटच काढा हे माझं मत. विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत, त्यामुळे तुमचं पॅरलल पोर्टचं डोंगल नवीन मशीनवर येणं जवळपास अशक्य. कंपनीला फोन करा, जुनं डोंगल परत घेऊन यूएसबीचं मिळतं का आणि त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. तोपर्यंत आख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) क्लोनझिला सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, कारण त्या मशीनला खरा धोका व्हायरसच्या आधी हार्ड डिस्क जाण्याचा आहे.

आणि नेट काढलं म्हणजे झालं असं नाही. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्या मशीनला कधीच लावायचा नाही. तो तिसऱ्या मशीनला लावायचा, स्कॅन करायचा, आणि तिथून तुमच्या स्वतःच्या एकाच पेन ड्राइव्हने मॅटर न्यायचं. काउंटरवर पोरं असतील तर पुढच्या यूएसबी पोर्टवर सरळ चिकटपट्टी मारा, गर्दीत कोणी लक्षात ठेवत नाही.

प्रतिसाद:

मी कोल्हापूरला डीटीपी करतो, आम्ही हे सगळं भोगलंय म्हणून लिहितो. ताई, आत्ता, डोंगल चालतंय तोवर, सगळ्या जुन्या फायलींच्या पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे पीडीएफमध्येच बसवून. निदान दिसायला तरी सगळं जसंच्या तसं राहील. मग ज्या फायली दरवर्षी लागतात तेवढ्याच युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या मराठीत) आणा, सगळ्या आणायच्या मागे लागू नका, आयुष्य पुरणार नाही.

कन्व्हर्टर वापरलात तरी प्रूफ वाचावंच लागतं. जुन्या टंकात अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असतात, युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, त्यामुळे साधे कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार चुकवतात. ‘कार्यक्रम’चं ‘कायर्क्रम’ होतं. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ असे शब्द तर हटकून बिघडतात. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मांडणीसाठी आम्ही इनडिझाइन घेतलं, पण त्यात परिच्छेदाला वर्ल्ड रेडी कंपोझर निवडायला लागतो, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकरच्या फायली उघडून बघा, मांडणी थोडी हलते, मजकूर जुन्याच टंकात राहतो, पण आत काय आहे ते हाताला लागतं. कोरलसाठी मात्र विंडोजच ठेवा.

धागाकर्ती:

हे फार कामाचं सांगितलंत. पीडीएफचं काम आजपासूनच लावते, रात्री मशीन मोकळं असतं तेव्हा. यंदाचे दोन्ही दिवाळी अंक जुन्याच पद्धतीने काढणार, त्यात बदल नको. मंडळांचे अहवाल आणि पावती पुस्तकं मात्र दिवाळीनंतर एकेक करून युनिकोडला घेणार. डोंगलच्या कंपनीचा फोन लागला, यूएसबीचं मिळेल म्हणाले, पण ६४ बिटच्या ड्रायव्हरचं विचारून सांगतो म्हणाले. अजून एक राहिलं, आमचा ट्रेसिंगवर प्रिंट काढायचा लेझर प्रिंटर बराच जुना आहे, तिसऱ्या मशीनवर ११ टाकायच्या आधी त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतोय का ते कुठे बघायचं? प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलसमोर फक्त विंडोज ७ लिहिलंय, तो ड्रायव्हर ११ वर चालवून बघितलाय का कोणी?