मदत हवी आहे: नवजात बाळांच्या श्रवणचाचणीचं मशीन किती अचूक आहे, हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. नागपुरातल्या एका प्रसूतिगृहात नवजात बाळांचे कान तपासते. आमच्याकडे जुनं ओएईचं मशीन आहे. आता एक कंपनी एएबीआरचं नवं मशीन महिनाभर वापरायला देऊन गेलीय. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही लावून बघा आणि कुठलं अचूक ते सांगा."

तेव्हापासून एकेका बाळाला दोन्ही लावतेय, पण निकाल जुळत नाहीत. एकावर पास, दुसऱ्यावर रेफर, म्हणजे पुढच्या तपासणीला पाठवा. त्यात दोघांची मोजायची जागाच वेगळी. ओएई कानात आवाज सोडून आतल्या केसपेशींकडून येणारा प्रतिसाद टिपतं, एएबीआर इलेक्ट्रोड लावून नस आणि मेंदूच्या देठापर्यंतचा मार्ग तपासतं. मग निकाल वेगळा आला म्हणून एक मशीन चुकलं, असं म्हणता येईल का?

मशीन बिघडलेलं नाही. रोज सकाळी ओएईचा प्रोब (कानात घालायचं टोक) आधी टेस्ट कॅव्हिटीत, म्हणजे चाचणीच्या रिकाम्या पोकळीत घालते, तिथे रेफर यायलाच हवं, आणि येतं. मग स्वतःच्या कानात लावते, तिथे पास येतं. वर्षाचं कॅलिब्रेशनही झालंय. पण यावरून मशीन चालतंय एवढंच कळतं. पहिल्या दिवशी बाळाच्या कानात पाणी आणि चिकटा असतो, तेव्हा ओएईवर रेफर बरेच येतात. शिवाय एप्रिलपासून वॉर्डात कूलरचा आवाज. परवा एक बाळ रेफर आलं, आजीने पाच मिनिटं कूलर बंद करू दिला, तर तेच बाळ पास. ही चूक मशीनच्या खात्यात टाकू की खोलीच्या?

मला खरी धास्ती चुकीच्या 'पास'ची आहे. मागे एक आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली, बोलत नाही म्हणून. जन्मानंतर त्याची कावीळ इतकी वाढली होती की रक्त बदलावं लागलं होतं. तिने पिशवीतून आमचंच कार्ड काढलं: ओएई, दोन्ही कान पास. बेरा, म्हणजे नसेची सविस्तर निदान-चाचणी केली, तर नसेचा दोष निघाला. अशा बाळाची एएबीआर व्हायलाच हवी होती. तिसऱ्या महिन्याआत निदान आणि सहाव्याआत उपचार सुरू व्हायला हवेत, इथे दोन वर्षं गेली. ते कार्ड डोळ्यासमोरून हलत नाही.

म्हणून नीट अभ्यास करायचा ठरवलाय आणि तिथेच अडलेय. जन्मतः कायमचा श्रवणदोष हजारात एक-दोन बाळांना असतो. म्हणजे हजार बाळं तपासली तरी मशीनने दोष पकडला की सोडला, हे ठरवायला हाताशी एक-दोनच. एनआयसीयूतली, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातली बाळं जास्त घेतली तर चालेल का? निदान झालेली मुलं घेतली तर मशीन उगाच चांगलं दिसेल असं वाटतं, कारण त्यांचा दोष बहुतेक मोठाच असतो.

दुसरं, बेरा फक्त रेफर बाळांचीच केली तर पासमधली सुटलेली कधी कळणारच नाहीत. पास झालेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून काहींना बोलवावं म्हणते. पण किती? आणि गोंदिया, यवतमाळ, बालाघाटहून बाळंतपणाला आलेल्या घरांना धडधाकट बाळ घेऊन परत या, असं कुठल्या तोंडाने सांगू? रेफरवालेच येत नाहीत. एथिक्स कमिटीकडे हे कसं मांडलंत तेही सांगा.

आणखी एक. पास येईपर्यंत पुन्हा पुन्हा चाचणी लावली की चुकीचा पास मिळण्याची शक्यता वाढते. तुम्ही प्रयत्नांची मर्यादा किती ठेवता? आणि पहिल्या मशीनचा निकाल मलाच ठाऊक असतो, तर दुसरं मशीन सिस्टरकडून लावून घ्यावं का?

इथल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत कुणी असं काम केलं असेल, तर प्रोटोकॉल कसा ठेवला ते कृपया लिहा. कंपनीचा माणूस पुढच्या सोमवारी मशीन परत न्यायला येतोय. मुदत वाढवून मागायची, तर त्याआधी डॉक्टरांपुढे निदान एक पानाचा आराखडा ठेवायला हवा.